फवारणीआधी जरा थांबा!

रविवारची सकाळ होती. सासूबाईंनी पोह्यांसाठी गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या दोन डहाळ्या तोडल्या, धुतल्या आणि फोडणीत टाकल्या. घरभर खमंग वास सुटला. तेवढ्यात आमचा नऊ वर्षांचा धाकटा तळहात पुढे करून स्वयंपाकघरात आला.

"आई, या अळ्या अशा का झाल्या गं?"

त्याच्या हातावर चार हिरव्यागार अळ्या होत्या. काळवंडून, मुडपून पडलेल्या. आदल्याच दिवशी तो त्या मोजत बसला होता. मी ह्यांच्याकडे पाहिले. हे म्हणाले, "अगं, काल तू बाजारात गेली होतीस तेव्हा माळीबुवा येऊन फवारून गेले. तूच सांगितलं होतंस ना त्यांना?"

खरेच, मीच सांगितले होते. "कढीपत्ता पार खाऊन टाकलाय अळ्यांनी, काहीतरी जालीम मारा," हे माझेच शब्द. माळीबुवांनी शेतावरचे औषध एका जुन्या बाटलीत भरून आणले होते. त्यावर ना नाव, ना चिठ्ठी.

पोह्यांची अख्खी कढई आम्ही कचऱ्यात ओतली. मुलाचे हात तीनतीनदा साबणाने धुतले. त्या दिवशी न्याहारीला कोणी काही बोलले नाही. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "बरं झालं, पोर वेळेवर आलं."

पण गोष्ट तिथे संपली नाही. गॅलरीत कपडे वाळत घालायच्या दोरीच्या टोकाला शिंजिराने घरटे बांधले होते. लांबट पिशवीसारखे, वर छोटेसे छप्पर असलेले. आत दोन पिल्ले होती. मादी दिवसभर चोचीतून काहीबाही आणून त्यांना भरवायची. तिसऱ्या दिवशी ते घरटे गप्प झाले. ती औषधानेच मेली असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण शिंजीर स्वतः मध पीत असला तरी पिल्लांना तो किडे आणि कोळी भरवतो, आणि आमच्या गॅलरीतले किडे आम्ही आदल्या दिवशीच विषारी करून ठेवले होते. त्या घटनेनंतर मी झाडांकडे नव्याने पाहायला शिकले. जे शिकले ते आपल्यापुढे ठेवते आहे.

आधी दुखणे ओळखा

घरातले माणूस आजारी पडले तर आपण आधी काय होते आहे ते विचारतो, मग औषध देतो. झाडाच्या बाबतीत मात्र पान पिवळे दिसले की खत आणि किडा दिसला की विष, असे आपले वागणे असते. प्रत्यक्षात कुंडीतली पुष्कळशी झाडे किडीने मरतच नाहीत. ती मरतात जास्तीच्या पाण्याने.

आपल्याकडे याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे तुळस. घरातले प्रत्येक जण श्रद्धेने तिला पाणी घालते. सकाळी आजी, आंघोळीनंतर आई, शाळेला जाताना मूल. कुंडी कायम ओली राहते, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. मुळे कुजली की वर पाणी पोहोचत नाही आणि झाड कोमेजते. कोमेजलेले पाहून आपण आणखी पाणी घालतो!

उपाय सोपा आहे. बोट मातीत पेरभर खुपसून पाहा. ओल लागली तर पाणी नको. नित्य पूजेचे पाणी घालायचेच असेल तर चमचाभर घाला, भाव तेवढाच राहतो. दूध मात्र घालू नये, त्याने माती आंबते. कुंडीच्या तळाचे भोक खापरीने झाकावे, म्हणजे माती वाहत नाही आणि पाणी मात्र निघून जाते. मातीत एक भाग वाळू आणि एक भाग शेणखत मिसळले तर ती घट्ट होत नाही. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडाव्यात. एकदा बी धरले की तुळशीचा जोम ओसरतो. त्याच मंजिऱ्यांचे बी पेरून नवी रोपे करून ठेवावीत, कारण कुंडीतली तुळस दोन-तीन वर्षांची पाहुणी असते. दिल्ली, इंदूर, ग्वाल्हेरकडच्या आपल्या वाचकांनी थंडीच्या दिवसांत ती रात्री आडोशाला घ्यावी. तुळशीला गारठा सोसत नाही.

पिवळ्या पानांचीही भाषा असते. खालची जुनी पाने पिवळी पडत असतील तर बहुधा नत्र कमी पडलेले असते. मूठभर गांडूळखत द्यावे. वरची कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर लोह मिळत नाही असे समजावे. बोअरिंगच्या जड, क्षारयुक्त पाण्यावर वाढणाऱ्या झाडांत हे हटकून दिसते. कढीपत्त्याला महिन्यातून एकदा पातळ आंबट ताक घालायची आपल्या आज्यांची रीत होती. तिचा रोख मातीचा अल्कपणा कमी करण्याकडेच असणार.

जास्वंदीवरचा पांढरा कापूस

"आमच्या जास्वंदीवर कापसासारखे काहीतरी झाले आहे," ही तक्रार घरोघरी ऐकू येते. हा पिठ्या ढेकूण. तो झाडाचा रस शोषतो आणि गोड चिकट पाणी बाहेर टाकतो. त्या गोडीसाठी मुंग्या येतात. मुंग्या त्याला नुसत्या चाटून जात नाहीत, त्या त्याची राखणही करतात. त्याला खाणारे किडे आले तर त्यांना हुसकावून लावतात. त्याच चिकट पाण्यावर पुढे काळी बुरशी वाढते आणि पाने काजळी धरल्यासारखी दिसतात. म्हणून जास्वंदीवर मुंग्यांची रांग दिसली की समजावे, कुठेतरी पिठ्या ढेकूण आहे.

आपल्या देशाने या किडीचा एक मोठा धडा घेतला आहे. मूळ मेक्सिकोकडचा पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ साली तमिळनाडूत कोइम्बतूरला आढळला. बघता बघता तो पपई, तुती, टॅपिओका आणि आपली जास्वंद यांवर पसरला. शेतकरी औषधामागून औषध मारत होते, पण मेणचट पांढऱ्या आवरणाखाली ती कीड सुरक्षित राही. शेवटी २०१० साली बंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेतील कीटकशास्त्रज्ञांनी पोर्टो रिकोहून तीन जातींच्या चिमुकल्या गांधीलमाश्या आणवल्या. डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या या माश्या पिठ्या ढेकणाच्या अंगात अंडी घालतात आणि त्यांची पिल्ले त्याला आतून खातात. त्या सोडल्यानंतर काही महिन्यांतच कीड आटोक्यात आली. जे विषाला साधले नाही ते त्या माश्यांनी करून दाखवले.

घरी करायचे ते असे :

• पहिल्या दिवशी जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने पानांची खालची बाजू आणि बेचके धुवून काढा. निम्मी कीड इथेच जाते.

• उरलेली कीड जुन्या दात घासायच्या ब्रशाने, साबणाच्या पाण्यात बुडवून, घासून काढा. फार माखलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका. कुंडीशेजारी टाकू नका.

• मुंग्यांची वाट बंद करा. कुंडीच्या काठाखाली बाहेरून व्हॅसलिनचा बोटभर रुंद पट्टा ओढला तरी पुष्कळ काम होते. मात्र कुंडी भिंतीला किंवा दुसऱ्या झाडाला टेकलेली नसावी.

• तरीही कीड राहिली तर एक लिटर कोमट पाण्यात एक चहाचा चमचा कडुनिंबाचे तेल आणि साबणाच्या द्रावाचे काही थेंब चांगले घुसळून संध्याकाळी फवारा. आधी एका पानावर लावून दुसऱ्या दिवशी पाहा, पान भाजले नाही तरच पुढे जा. आठवड्याच्या अंतराने तीनदा करावे.

एक सावधगिरी. पिठ्या ढेकणांच्या घोळक्यात कधी कधी त्यांच्याहून मोठी, पांढऱ्या दोऱ्यांची, चपळपणे हिंडणारी अळी दिसते. ती पिठ्या ढेकूण नव्हे. ती एका जातीच्या लेडीबर्ड भुंगेऱ्याची अळी आहे आणि ती पिठ्या ढेकूणच खाते. आपण अजाणतेपणी आपल्याच मदतनिसाला चिरडतो. शंका आली तर काडीने डिवचून पाहावे. भराभर पळाली तर तिला राहू द्यावे.

कढीपत्त्यावरची अळी कोणाची?

आता आमच्या घरच्या अपराधाकडे वळू. कढीपत्ता, लिंबू, बेल या एकाच कुळातल्या झाडांवर लिंबू फुलपाखरू अंडी घालते. पिवळट ठिपक्यांचे काळे, शेपटी नसलेले हे फुलपाखरू जवळजवळ देशभर दिसते. अंडे मोहरीहूनही लहान, मोत्यासारखे गोल. तीन-चार दिवसांत त्यातून अळी निघते. सुरुवातीला ती काळी-पांढरी, हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणजे पाखरे तिला खात नाहीत. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. बोट लावले तर डोक्यामागून दोन नारिंगी शिंगे बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मुलांना हा खेळ फार आवडतो, पण अळीला उगीच त्रास देऊ देऊ नये. दोन-तीन आठवड्यांत ती कोशात जाते आणि पुढे आठवडा-दीड आठवड्यात एका सकाळी कोश फुटून ओल्या पंखांचे फुलपाखरू बाहेर येते.

महाराष्ट्राने २०१५ साली ज्या निळ्या-काळ्या मोठ्या फुलपाखराला, ब्लू मॉर्मनला, राज्य फुलपाखराचा मान दिला, त्याच्या अळ्याही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढतात. आपण घरोघरी या अळ्यांवर विष मारणार असू तर त्या मानाला काय अर्थ राहिला?

पण झाडाचे काय? पाने तर घरात रोज लागतात. यावर आम्ही काढलेला तोडगा असा. कढीपत्त्याच्या दोन कुंड्या ठेवायच्या. एक स्वयंपाकघराची, एक पाखरांची. स्वयंपाकघराच्या झाडावर अळी दिसली की पानासकट उचलून दुसऱ्या झाडावर ठेवायची. तीन-चार फुटांच्या निरोगी झाडावर चार-पाच अळ्या सहज जगतात. झाड ओके-बोके झाले तरी घाबरू नये. मूळ शाबूत असेल तर ते पुन्हा फुटते, आणि नव्या फुटीचा पाला जास्त कोवळा असतो. अगदी लहान रोप असेल तर त्याला मच्छरदाणीचे कापड घालून ठेवावे. ज्या झाडावर अळ्या वाढवायच्या त्यावर कडुनिंबाचे तेलही फवारू नये. ते औषध घरगुती असले तरी अळीला ते घातकच आहे.

पाखरांना आमंत्रण

फुलपाखरांसाठी फुलांइतकीच अळ्यांच्या खाण्याची झाडे लागतात, हे आपण विसरतो. पानफुटीच्या कुंडीवर लाल-काळे नाजूक 'रेड पिएरो' येते, त्याची अळी जाड पानाच्या आत राहून गर खाते. कृष्णकमळाच्या वेलावर नारिंगी 'टॉनी कॉस्टर' अंडी घालते. अंगणात रुई असेल तर 'प्लेन टायगर' हमखास येते. रुईचा चीक मात्र डोळ्यांत जाऊ देऊ नये. मोठ्या फुलपाखरांच्या मधासाठी झिनिया, झेंडू, पेंटास आणि सदाफुली पुरे.

शिंजिराला जास्वंद, कर्दळ, शंकासूर आणि एक्झोरा आवडतात. त्याची पिसे चकाकणारी, चोच बाकदार. घरटे मादी बांधते. कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी ती गवत, साली, वाळकी पाने एकत्र गुंफते. म्हणून गॅलरीच्या कोपऱ्यातली सगळीच जाळी झाडूने साफ करू नयेत, दोन-चार राहू द्यावीत. शिंपी पक्षी तर मोठ्या पानांच्या कडा अक्षरशः टाके घालून शिवतो. पाने गुंडाळलेली दिसली की कीड समजून तोडण्याआधी आत डोकावून पाहावे.

चिमण्यांसाठी लाकडी खोके टांगायचे असेल तर भोक सव्वा इंचाचे, म्हणजे ३२ मिलिमीटरचे ठेवावे. त्याहून मोठे असले तर साळुंक्या ते बळकावतात. खोके आठ-दहा फुटांवर, सावलीत आणि पंख्यापासून दूर असावे. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने २०१० सालापासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन पाळला जातो. पण चिमणीला वर्षातला एक दिवस नको, रोजचे किडे हवे असतात. दाणे टाकले तरी पिल्लांना ती किडेच भरवते, आणि ते किडे आपल्या कुंड्यांत असतात.

उन्हाळ्यात पाण्याचे भांडे ठेवावे. उथळ, इंच-दीड इंच खोलीचे, मातीचे. त्यात दोन-चार दगड ठेवले की मधमाश्या आणि फुलपाखरे त्यांवर बसून पाणी पितात. हे भांडे रोज घासून पाणी बदलायचे. डेंग्यू पसरवणारा डास अंड्यापासून पंख फुटेपर्यंत सुमारे आठ-दहा दिवस घेतो. म्हणून कुंड्यांखालच्या ताटल्याही आठवड्यातून एकदा पूर्ण कोरड्या कराव्यात. पावसाळ्यात तर त्या काढूनच ठेवाव्यात.

कबुतरे आणि शेजारी

पाखरांवर प्रेम म्हणून मूठ मूठ धान्य टाकले की पहिली येतात ती कबुतरे, आणि मग बाकीची पाखरे येत नाहीत. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ सतत श्वासात गेली तर काहींना फुप्फुसाचा गंभीर आजार जडतो. मुंबईतल्या कबुतरखान्यांचा वाद २०२५ साली उच्च न्यायालयापर्यंत गेला तो यामुळेच. तेव्हा दाणे टाकू नयेत. रोपे उकरली जात असतील तर कुंडीत बांबूच्या काड्या उभ्या खोचाव्यात. जाळी लावायची तर ताणून लावावी, सैल जाळीत लहान पाखरांचे पाय अडकतात.

शेजारधर्मही सांभाळायला हवा. एक घनफूट ओली माती ४५ किलोच्या आसपास भरते. गॅलरीच्या कठड्यावर कुंड्यांची रांग लावताना हे ध्यानात ठेवावे. मोठ्या कुंड्या भिंतीलगत, तुळईच्या बाजूला ठेवाव्यात. मातीत निम्मा नारळाचा भुसा आणि पालापाचोळ्याचे खत घातले तर वजन पुष्कळ कमी होते. खालच्यांच्या धुण्यावर पाणी ठिबकणार नाही अशी वेळ निवडावी. अंगणातल्या पहिल्या मोगऱ्याची ओंजळ खाली पोहोचवली तर चार थेंबांची तक्रार कोणी करत नाही, हा माझा अनुभव आहे.

औषध वापरायचेच तर

कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर हिऱ्याच्या आकाराची खूण असते. तिच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग पाहावा. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे अतिविषारी, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे कमी विषारी. लाल आणि पिवळ्या खुणेचे औषध घरात आणूच नये. आमच्याकडे आलेल्या बाटलीवर कोणता रंग होता हे आजही मला माहीत नाही, आणि त्याचीच मला सर्वांत जास्त भीती वाटते. समजा घरातले कोणी आजारी पडले असते आणि डॉक्टरांनी विचारले असते, "कोणते औषध होते?", तर आम्ही काय उत्तर दिले असते?

म्हणून हे नियम पाळावेत. बिनचिठ्ठीचे, पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीतले औषध कधीही स्वीकारू नये. फवारणी आपल्या डोळ्यांदेखत व्हावी. खाण्याच्या झाडावर, म्हणजे कढीपत्ता, पुदिना, मिरची, तुळस, गवती चहा यांवर शेतीची औषधे मारूच नयेत. फुले उमललेली असताना फवारू नये, मधमाश्या मरतात. फवारणाऱ्याच्या तोंडाला फडके, अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे आणि हातांत मोजे असावेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. आपल्या दारी येणारे माळीबुवाही कोणाचे तरी वडील असतात. चुकून विष पोटात गेलेच तर घरगुती उपाय करत न बसता, आणि जबरदस्तीने ओकारी न काढता, औषधाची बाटली बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठावा.

आमच्या माळीबुवांना मी दोष दिला नाही. त्यांना जालीम औषध मागणारी मीच होते. आता ते आले की आधी कैचीने वाळके शेंडे काढतात, मग ब्रश मागतात. "ताई, तुमच्याकडं आता औषधाचं कामच राहिलं नाही," असे हसत म्हणतात.

धाकट्याने कॅलेंडरवर एक नवा हिशेब सुरू केला आहे. अळी कोशात गेली की त्या तारखेभोवती गोल, फुलपाखरू उडाले की फुली. एखादा गोल फुलीवाचूनच राहतो. तेव्हा तो थोडा हिरमुसतो आणि पुन्हा पाने उलटून पाहू लागतो.

यंदा फेब्रुवारीत शिंजिराची मादी चोचीत कोळ्याचा धागा घेऊन पुन्हा त्याच दोरीवर येऊन बसली. दोन दिवस ती नुसती येत-जात होती. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी कोणालाही न विचारता वाळत घातलेले सगळे कपडे काढून घेतले आणि गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला कपड्यांसाठी नवी दोरी बांधायला ह्यांना स्टुलावर चढवले.

"ती दोरी आता तिची," त्या म्हणाल्या. "आणि पोह्यांसाठी स्वयंपाकघराच्या कुंडीतलाच कढीपत्ता तोडा हं, पाखरांच्या कुंडीला हात लावू नका."